बाई, ह्याला येतंय!



दप्तराविना शनिवारी मी वर्गात एक गोष्ट सांगते. कधी तेनालीरामची, कधी इसापाची, कधी आमच्याच गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेली. मागच्या महिन्यात मात्र मी एका रॉक कॉन्सर्टची गोष्ट सांगितली. आमची शाळा दुशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे. 'रॉक' म्हणजे खडक हे चौथीतल्या एकाला पाठ होतं. त्यामुळे "बाई, ते खडक वाजवत्यात का?" इथूनच सुरुवात झाली.

मला या गाण्यांचं वेड डी.एड.ला असताना लागलं. वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या भावानं तिला मेमरी कार्डात दोनेकशे इंग्रजी गाणी भरून दिली होती. शब्द निम्मेअर्धेच कळायचे, पण ड्रम कळायचे. पाठ टाचण लिहिताना एका कानात इअरफोन आणि टेबलाखाली पायाचा ठेका, अशी माझी दोन वर्षं गेली. आजही केंद्र संमेलनात हे कुणाला सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, तुम्ही आणि रॉक?"

पण मी आजवर एकाही मोठ्या रॉक कॉन्सर्टला गेलेली नाही. म्हणून आज सांगते ती रात्र माझी नाही. एका एकोणीस वर्षांच्या चाहत्याची आहे, पन्नास वर्षांहून जुनी. ती वाचली तेव्हा मला त्या चाहत्याचा हेवा वाटला नाही, स्वतःची लाज वाटली. का, ते पुढे सांगते. आधी गोष्ट.

गायींचा महाल

तारीख २० नोव्हेंबर १९७३. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराला लागून डेली सिटी नावाचं गाव आहे. तिथे एक भलं मोठं सभागृह आहे, नाव 'काऊ पॅलेस'. जनावरांची प्रदर्शनं भरवायला बांधलं, म्हणून हे नाव. पुढे तिथे खेळ झाले, राजकीय अधिवेशनं झाली आणि गाण्यांचे कार्यक्रमही झाले. आमच्या मुलांना हा गायींचा महाल फार आवडला. "आपल्या बाजारतळावर छप्पर घातलं तर तसंच हुईल" असं एकानं सांगितलं. बरोबरच आहे.

त्या रात्री तिथे 'द हू' हा इंग्लंडचा प्रसिद्ध बँड वाजवणार होता. 'हू' म्हणजे 'कोण' हे चौथीला माहीत. मग काय, "आज कोण वाजवणार?" "कोण वाजवणार!" असं पाच मिनिटं चाललं. मीही चालू दिलं.

बँडमध्ये चौघे. गाणारा रॉजर डाल्ट्री, गिटारवर पीट टाऊनशेंड, बेस गिटारवर जॉन एन्टविसल आणि ड्रमवर कीथ मून. या मूनबद्दल थोडं सांगायला हवं. साधारणपणे ड्रम वाजवणारा गाण्याला ठेका देतो, भजनात टाळ-पखवाज देतात तसा. मून नुसता ठेका देऊन थांबत नसे. त्याच्याभोवती लहानमोठ्या ढोलांचा ढीग असे आणि गाणं चालू असताना तो त्या सगळ्यांवर तुटून पडे. त्याच्या जागी दुसरं कुणी बसू शकेल, असं चाहत्यांना स्वप्नातही वाटलं नसतं.

कार्यक्रमाला आलेल्या हजारो माणसांमध्ये स्कॉट हालपिन हा पोरगा होता. मूळचा आयोवा राज्यातल्या मस्कटीन गावचा, पण काही काळापूर्वी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला राहायला आलेला. तिथून दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून तो एका मित्राबरोबर आला होता. तिकिटं ब्लॅकनं घेतली होती. पुढची जागा मिळावी म्हणून दोघे कार्यक्रमाच्या तेरा तास आधी येऊन थांबले होते. तेरा तास! आमच्या मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. "कुस्त्यांच्या मैदानाला माझा बाप सकाळपास्नंच बसतोय" असं उत्तर आलं. चाहता सगळीकडे सारखाच.

मित्राचं नाव माईक. हे नाव लक्षात ठेवा.

ड्रम थांबले

कार्यक्रमाच्या आधी कीथ मूननं दारूबरोबर गुंगीच्या गोळ्या घेतल्या होत्या. तासाभरानंतर त्याचे हात संथ पडू लागले आणि एका गाण्यात तो ड्रमवरच कोलमडला. त्याला उचलून आत नेलं. पाण्याखाली धरलं, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं तो परत येऊन बसला. लोकांनी जल्लोष केला. पुढच्याच गाण्यात तो पुन्हा पडला आणि या वेळी उठला नाही.

हा भाग मुलांना सांगावा की गाळावा, याचा मी आदल्या रात्री खूप विचार केला. शेवटी सांगितला. वर्गात एकाही मुलानं विचारलं नाही की दारूनं माणूस असा कसा पडतो. मी जे लपवायचा विचार करत होते ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "मग तो मेला का?" त्या रात्री नाही, असं मी सांगितलं. पण पाच वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, गोळ्यांच्या अतिसेवनानंच गेला. दारू सोडण्यासाठी दिलेल्या गोळ्या होत्या त्या. वय फक्त ३२.

तर, समोर हजारो लोक आणि ड्रमवर कुणीच नाही. उरलेल्या तिघांनी थोडा वेळ तसंच रेटलं. मग पीट टाऊनशेंड माईकसमोर आला आणि त्यानं प्रेक्षकांना विचारलं, की तुमच्यात कुणाला ड्रम वाजवता येतात का? चांगले वाजवणारा हवा, हेही सांगितलं.

आता तुम्ही शिक्षक म्हणून विचार करा. असा प्रश्न वर्गात विचारला की काय होतं? दोन-तीन हात वर जातात, रोज जातात तेच. बाकीचे पुस्तकात बघतात. हालपिनला ड्रम येत होते, तो लहानपणापासून वाजवायचा. पण मॉन्टेरेला आल्यापासून त्यानं वर्षभर काठ्या हातात धरल्या नव्हत्या. हजारो लोकांसमोर, मूनच्या जागी, वर्षभर सराव नसताना "मला येतं" असं कोण म्हणेल?

तो म्हणाला नाही. त्याच्या वतीनं माईक ओरडला. स्टेजपाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला तो सांगत सुटला की ह्याला येतं, ह्याला घ्या. वर्षभर वाजवलं नाही ही गोष्ट मात्र त्यानं शहाणपणानं सांगितलीच नाही. त्या आरडाओरड्यात कार्यक्रमाचे आयोजक बिल ग्रॅहम तिथे आले. गोंधळ घालणाऱ्या दोन पोरांना बाहेर काढायला त्यांच्याकडे माणसं होती. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी हालपिनकडे बघितलं आणि विचारलं, की तू करू शकशील का?

हालपिन हो म्हणाला.

तीन गाणी

त्याला आत नेलं. हातपाय सैल व्हावेत म्हणून थोडी ब्रँडी पाजली (मुलांसमोर मी इथे 'काहीतरी प्यायला दिलं' एवढंच म्हटलं, माझीही हिंमत इथवरच). आणि तो मूनच्या ढोलांच्या ढिगामागे जाऊन बसला.

त्या रात्रीचं काळंपांढरं, धूसर चित्रण उपलब्ध आहे. मी ते किती वेळा पाहिलंय ते सांगत नाही. डी.एड.ला आपण 'सोप्याकडून कठीणाकडे', 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' ही अध्यापनाची सूत्रं पाठ करून परीक्षेत लिहिली. मला ती सूत्रं खऱ्या अर्थानं त्या चित्रणात दिसली.

त्या दौऱ्यात बँड आपल्या 'क्वाड्रोफेनिया' या नव्या अल्बममधली गाणी वाजवत होता. ती अवघड, आणि त्यातल्या काहींना आधीच रेकॉर्ड केलेल्या टेपबरोबर वाजवावं लागे. नवख्या पोराला त्यात ढकललं असतं तर तो दोन मिनिटांत बुडाला असता. बँडनं तसं केलं नाही. आधी 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' आणि मग 'स्पूनफुल', अशी दोन जुनी ब्लूज गाणी घेतली. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं गाणं. ज्यानं थोडाफार ड्रम वाजवलाय त्याच्या हाताला त्याचा ठेका माहीत असतोच, आपल्याकडे भजनातला ठेका कुणालाही धरता येतो तसा. पोराचा हात बसला. मगच 'नेकेड आय' हे स्वतःचं, लय बदलत जाणारं, अवघड गाणं घेतलं.

आणि त्याला एकटं सोडलं नाही. टाऊनशेंडनं हालपिनला आधीच सांगून ठेवलं होतं की मी खुणा करीन, तू माझ्याकडे बघ. तो गिटार वाजवता वाजवता वळून बघायचा, इथे थांब, इथे चढव, असं अंगानंच सांगायचा. हालपिनची नजर त्याच्यावर खिळलेली. 'मार्गदर्शन' हा शब्द आपण अहवालात रोज लिहितो. ते दिसतं कसं, ते तिथे दिसतं.

त्यानं मूनसारखं वाजवलं का? नाही. अवघड गाण्यात तो चाचपडलासुद्धा. पण गाणं पडलं नाही. कार्यक्रम पूर्ण झाला.

पडद्यामागे

शेवटी चौघे एकत्र पुढे आले आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. डाल्ट्री, टाऊनशेंड, एन्टविसल आणि काही मिनिटांपूर्वी गर्दीत उभा असलेला तो पोरगा. मग ते त्याला मंचामागे घेऊन गेले. ज्यांना बघायला तो तेरा तास ताटकळला होता, त्यांच्याबरोबर तो आता आतल्या बाजूला होता. ही माणसं एवढं कसं वाजवतात याचं त्याला फार कौतुक वाटलं. आपण तीनच गाणी वाजवली आणि पार गळून गेलो, असं त्यानं नंतर एका मुलाखतीत मोकळेपणानं सांगितलं.

बँडनं त्याला दौऱ्याचं जाकीट भेट दिलं. ते त्याच रात्री कुणीतरी चोरलं.

इथे माझ्या वर्गात हाहाकार उडाला. ड्रमवाला पडला तेव्हा झाला नव्हता एवढा. "चोर घावला का?" "दुसरं दिलं का?" मला उत्तर देता आलं नाही. पण खरं सांगू, जाकिटाची ही गोष्ट मला फार आवडते. कारण आपण पालक आणि शिक्षक लगेच विचारतो, "मग पुढे काय झालं? मोठा ड्रमर झाला का?" जणू एका चांगल्या रात्रीचा पुढे काही फायदा झाला नाही तर ती वाया गेली.

'रोलिंग स्टोन' या मासिकानं त्या वर्षी त्याचा ऐनवेळी धावून आलेला वादक म्हणून गौरव केला. पण तो 'द हू'मध्ये गेला नाही. पुढे चित्रं काढली, संगीत रचलं, शेवटची वर्षं इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला राहिला आणि २००८ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी मेंदूतल्या गाठीनं गेला. एका रात्रीनं त्याचं आयुष्य बदललं नाही. पण त्या रात्री त्याला येत होतं ते त्याला करायला मिळालं. मला वाटतं, मुलाचा तेवढा हक्क असतो.

माझी रात्र

आता लाज का वाटली ते सांगते.

सहा वर्षांपूर्वी, माझ्या आधीच्या शाळेतलं स्नेहसंमेलन. तिसरीच्या मुलींचं कोळीगीत होतं. ते आम्ही प्रत्यक्ष ढोलकीवर बसवलं होतं, कारण पेनड्राइव्हवरची गाणी ऐकून ऐकून मी कंटाळले होते. ढोलकीला शेजारच्या गावातले एक जण यायचे. तालमीला नियमानं आले. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन, की एस.टी. घाटात बंद पडलीय, दोन तास तरी लागतील.

समोर दोन-अडीचशे माणसं. पहिल्या रांगेत सरपंच, शाळा व्यवस्थापन समिती, केंद्रप्रमुख. मी पडद्यामागे ढोलकी हातात घेऊन उभी. टाऊनशेंडसारखं मी पण म्हटलं, पण फक्त मोठ्या माणसांना, "कुणाला येते का हो ढोलकी?" कुणी बोललं नाही.

तेवढ्यात नऊवारी नेसलेली, गळ्यात मण्यांच्या माळा घातलेली तिसरीतली एक मुलगी माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, ह्याला येतंय!"

तिनं बोट दाखवलेला मुलगा पडद्याच्या दोरीशी उभा होता. त्याला मी पडदा ओढायचं काम दिलं होतं. तसा वर्गात गप्प असायचा, वाचनात मागे. गॅदरिंगमध्ये काय द्यावं सुचलं नाही म्हणून दोरी दिली होती. मी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "तुला विचारलं का? त्याला येत असतं तर तोच बोलला असता. तू आधी तुझा काष्टा सांभाळ."

आणि साउंडवाल्याला पेनड्राइव्ह लावायला सांगितला.

कार्यक्रम छान झाला. टाळ्या पडल्या. सरपंचांनी पाचशे एक रुपये बक्षीस दिलं. मी घरी जाऊन शांत झोपले.

एप्रिलमध्ये त्या मुलाचे आजोबा दाखला न्यायला आले. वडिलांना दुसऱ्या जिल्ह्यात काम लागलं होतं, सगळं कुटुंब चाललं होतं. सही करता करता सहज विचारलं, घरी काय करतो नातू? ते म्हणाले, "माझ्याबरं भजनात पखवाज वाजवतो की. तुमच्या गॅदरिंगची सगळी गाणी खिडकीतनं ऐकून घरी डब्यावर बसवली हुती त्यानं. मला म्हनायचा, आज्जा, ढोलकीवालं नाय आलं तर बाई मला सांगतील."

दाखल्यावर माझी सही त्या दिवशी वाकडी आली आहे. तो मुलगा आता नववीत असेल. त्याला वाजवताना मी कधीच ऐकलं नाही.

मी स्वतःवर फार कठोर होऊ इच्छित नाही. समोर माणसं होती, वेळ नव्हता, धोका होता. पण बिल ग्रॅहम यांच्यासमोर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं होती आणि माझ्यापेक्षा कितीतरी मोठा धोका होता. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांनी मान वळवून त्या पोराला एक प्रश्न विचारला. मला एक मिनिट लागलं असतं. "येतंय का रे?" एवढं म्हणून ढोलकी त्याच्या हातात द्यायची, पडद्यामागे दोन ठेके ऐकायचे. नसतं जमलं तर पेनड्राइव्ह होताच.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. गप्प मुलाच्या वतीनं बोलणाऱ्या मुलीला मी गप्प केलं. आपण सगळेच हे रोज करतो. "त्याला तोंड आहे, तो सांगेल." "तू त्याची वकील आहेस का?" "मध्ये मध्ये बोलू नको." शिस्तीसाठी ठीक आहे. पण ज्याला स्वतः हात वर करता येत नाही त्याचा हात वर करणारं त्या वर्गात एवढं एकच माणूस असतं. हालपिनकडे माईक होता. माझ्या वर्गातल्या माईकला मी काष्टा सांभाळायला सांगितलं.

शेजाऱ्याचं सांगा

गोष्ट संपल्यावर मी मुलांना म्हटलं, आज स्वतःचं काही सांगायचं नाही. शेजारी बसलेल्याला काय येतं ते सांगायचं. पण अट अशी, की ते आपण स्वतः बघितलेलं असलं पाहिजे आणि ते पुस्तकातलं नको.

मी फळ्यावर लिहीत गेले. एकाला सायकलची पडलेली चेन हाताला काळं न लागता बसवता येते. एकीला शेळी व्यायला झाली की आधी कळतं. एकाला तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढता येतो, तोही गिअर बदलताना. एकीला पावशेर मीठ हातात घेऊन बरोबर सांगता येतं, तिच्या आईचं दुकान आहे. मी लगेच तराजू मागवला. तिनं घेतलेलं मीठ २४० ग्रॅम भरलं. वजनमापाच्या पाठाला मी यापुढे तिलाच उभी करणार आहे.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हा उपक्रम पहिल्याच दिवशी एका ठिकाणी फसला. एका मुलीबद्दल तिच्या शेजारणीला काहीच सांगता येईना. बाकीच्यांना विचारलं, तेही गप्प. "तिला काय येतं काय की" असं कुणीतरी म्हणालं आणि ती मुलगी बाकावर नखानं रेघा ओढत बसली. तुम्ही हे करणार असाल तर याची तयारी ठेवा. ज्याचं नाव कुणीच घेत नाही असं एक मूल प्रत्येक वर्गात असतं, आणि आपण भल्या हेतूनं ते सगळ्यांसमोर उघडं पाडू शकतो. मी घाईनं विषय बदलला. पण ती दुपार मला जड गेली.

मग सोमवारपासून मी बसायच्या जागा बदलल्या. त्या मुलीला एका बोलक्या मुलाशेजारी बसवलं आणि दोघांना मिळून हजेरीचा तक्ता भरायचं काम दिलं. मुद्दाम, दोघांनी एकमेकांकडे बघावं लागेल असं. पुढच्या शनिवारी मी सगळ्यांना विचारलं नाही. फक्त जोडी-जोडीनं माझ्या टेबलाशी बोलावलं, बाकीच्यांना चित्र काढायला दिलं. तो मुलगा आला आणि हळू आवाजात, मोठं गुपित सांगावं तसं म्हणाला, "बाई, हिला सगळ्या वर्गाचे हजेरी नंबर पाठ हायती. तिसरीचे पण. आणि कोण कधी आलं नव्हतं ते पण."

मी पडताळून पाहिलं. हजेरीपट उघडला आणि तारखा विचारल्या. सातपैकी सहा बरोबर. सातवी चूक तिची नव्हती, माझीच खाडाखोड होती.

आता सकाळी हजेरी तीच घेते. आवाज अजून बारीक आहे, मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. पण तिचा आवाज ऐकायला म्हणून वर्ग आपोआप गप्प होतो. हा फायदा मी धरलेला नव्हता.

पालकांसाठी एक छोटी विनंती. घरी आल्यावर आपण मुलाला विचारतो, "आज तू काय केलंस? तुला किती मार्क पडले?" आठवड्यातून एकदा विचारून बघा, "तुझ्या शेजारच्याला काय छान येतं रे?" उत्तर आलं तर ते बाईंच्या, सरांच्या कानावर घाला. आम्हाला पस्तीस-चाळीस मुलांमध्ये सगळं दिसत नाही. तुमचं मूल रोज पाच तास त्याच्या खांद्याला खांदा लावून बसतं, त्याला दिसतं.

आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला काय सांगू, मी स्वतःलाच सांगतेय. पुढच्या वेळी न विचारता एखादं पोर मध्येच ओरडलं, "बाई, ह्याला येतंय!", तर ओरडणाऱ्याला रागावायच्या आधी त्यानं बोट कुणाकडे दाखवलंय तिकडे एकदा बघू या.